भरल्या घागरींचं गाव

बारामती-इंदापूरच्या मुलखात तेव्हा सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न असायचा, गाव कालव्याच्या खाली की वर? खाली ऊस, केळी आणि दाराशी खेळणारं पाटाचं पाणी. वर माळ, बाजरी आणि शेळ्या. माझं माहेर खाली, बारामतीच्या अंगाला. वडिलांनी माणसं चांगली बघितली आणि मला दिलं इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या वर. माणसं चांगली होती यात वादच नाही. पण माणसं चांगली म्हणून घागर आपोआप भरत नाही.

गावची विहीर संक्रांतीनंतर तळ दाखवायची. मग आम्ही बायका ऊन तापायच्या आत माळ तुडवत कालव्यावर जायचो. मला दिवस गेलेले, तरी डोक्यावर घागर आणि काखेत कळशी होतीच. सासरे गावचे पाटील. कचेरीचे उंबरे झिजवून त्यांनी सरकारी विहिरीची मागणी लावून धरली होती. शेवटी निरोप आला, मामलेदार स्वतः टंचाई बघायला येणार. मला वाटलं, सुटले. बाळंतपणाआधी विहिरीला कुदळ लागेल.

पण आमच्याकडे पाहुण्यासमोर रिकामी घागर येणं म्हणजे अपशकुन. आदल्या दिवशी सासूबाईंनी हुकूम सोडला आणि तो गावभर फिरला. "मामलेदार पयल्यांदा येत्यात. कुणाच्या दारात रितं भांडं दिसता कामा न्हाय." बैलगाड्या जुंपल्या, पिंपं चढवली आणि सगळं गाव कालव्यावर लोटलं.

मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, पाणी न्हाय हेच बघाया येत्यात न्हवं ते?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणून काय रिकाम्या घागरीनं सामोरं जायचं? पाव्हणा हाय त्यो."

मामलेदार जीपमधून उतरले. वेशीवर सवाष्णी भरल्या घागरी घेऊन उभ्या. पायावर पाणी, हातावर पाणी, गुळाच्या खड्याबरोबर प्यायला गार पाणी. मग ते गावातून फिरले. दारोदारी घासूनपुसून लखलखीत केलेले हंडे काठोकाठ भरलेले. भला माणूस होता बिचारा. आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "पाटील, सकाळपासून मी जी गावं बघितली, तिथं मला घोटभर पाणीसुद्धा मिळालं नाही. विहीर आधी त्यांना देऊ या ना?"

मी दाराआडून सासऱ्यांकडे बघत होते. 'साहेब, हे तुमच्यासाठी भरलंय,' एवढं म्हटलं की काम होत होतं. पण ते बोलणं म्हणजे पाहुण्याला जेवू घालून घास मोजणं. सासरे म्हणाले, "व्हय साहेब. आधी त्यास्नीच द्या. तहानेली माणसं हायती." सुनेनं त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नसतं, नाहीतर मामलेदारांना मी तालुक्याचा सगळा भूगोल तिथल्या तिथं शिकवला असता.

जीप गेली आणि मी गोठ्यामागं बसून रडले. रागानं रडले. बाळंतपण, बाळाची अंघोळ, दुपटी, सगळ्याला आता कालव्यावरूनच पाणी. सासूबाई शोधत आल्या. समजूत काढली नाही. हाताला धरून न्हाणीत नेलं, माझे केस सोडले, शिकेकाई चोळली आणि घंगाळातलं पाणी तांब्या-तांब्यानं ओतू लागल्या. पाहुण्यांसाठी भरलेलंच ते. मी म्हटलं, "पुरं आत्याबाई, उद्याला ऱ्हाऊ द्या."

"न्हा म्हायेरावानी," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. पुढचा तांब्या ओतत बोलल्या, "उद्यापास्नं कालव्यावर मी जाईन. तू न्हाय."

आणि गेल्या. गुडघे धरले होते, तरी गेल्या. माझी लेक रांगायला लागेपर्यंत त्या बाईनं मला घागरीला हात लावू दिला नाही.