हेइनीच्या गॅरेजातला वारा

फेरो बेटांवरच्या त्या गावात बिलाबाईंच्या खोपटाचं नाव निघालं की माणसांच्या तोंडाला पाणी सुटे. घराला लागून उभं ते फळ्यांचं खोपटं. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आणि आत वाशांना टांगलेली मेंढरं. ना मीठ, ना धूर. ऑक्टोबरात मेंढ्या कापायच्या, टांगायच्या, पुढचं सगळं समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यानं बघायचं. मुलगे, सुना, नातवंडं, शिवाय नेमकी जेवायच्या वेळी आठवण काढणारे नातेवाईक, एवढ्या खटल्याला ते मांस वसंतापर्यंत पुरे. नाताळात पहिली मांडी कापायचा मान बिलाबाईंचा. त्या सुरी हातात घेत तेव्हा पाद्रीबुवासुद्धा जरा सरकून बसत.

त्या उन्हाळ्यात थोरल्या मुलानं, हेइनीनं, नव्या गाडीसाठी पक्कं सिमेंटचं गॅरेज बांधलं. सपाट जागा एकच होती, खोपटाच्या शेजारची. बांधून झाल्यावर बिलाबाईंनीही कौतुकानं कॉफी पाजली.

नोव्हेंबरात त्या नेहमीप्रमाणे मांस हुंगायला गेल्या. मांडीला लावलेलं बोट चिकट झालं. जुन्या चीजसारखा ओळखीचा उग्र दर्प नव्हता. काहीतरी आंबूस, ओलसर येत होतं. बाहेर वारा डोक्यावरचा रुमाल उडवत होता आणि आत एकही दोरी हलत नव्हती. बिलाबाई खोपटाला वळसा घालून गेल्या आणि समुद्राच्या बाजूला उभ्या असलेल्या गॅरेजच्या भिंतीसमोर थांबल्या.

शेजारचा त्रोंद कुंपणावरून म्हणाला, "गेलं ना? सांगतोय कधीचा. टाक सगळं माझ्या फ्रीझरात."

"तुझ्या फ्रीझरात तुझं डोकं ठेव, त्रोंदा. गार तरी होईल."

मग त्यांनी मुलाला हाक मारली. "हेइनी, या भिंतीला भगदाड पाड. समोरच्याही. खोपटाएवढं रुंद."

"आई, अगं भिंत आहे ती! सगळा उन्हाळा गेला माझा!"

"माझा सगळा हिवाळा जाईल त्याचं काय?"

"आणि गाडी? खाऱ्या वाऱ्यात गंजेल ना ती!"

"गंजकी गाडी रस्त्यानं जाते तरी. सडकं मांस तुझी पोरं खाणार आहेत का?"

हेइनीनं बायकोकडे पाहिलं. ती शहाणी, तिनं आधीच घण आणून ठेवला होता.

संध्याकाळपर्यंत दोन्ही भिंतींना मोठाली भोकं पडली. वारा गॅरेजात घुसला, रंगाचे रिकामे डबे लोळवत पलीकडे निघाला आणि खोपटातल्या दोऱ्या करकरू लागल्या. बिलाबाईंनी एकेक धड कोरड्या फडक्यानं पुसलं. एक मात्र हाताबाहेर गेलं होतं; ते समुद्रपक्ष्यांच्या वाट्याला गेलं. बाकीच्यांचं काय होणार, हे नाताळापर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं. तसं त्यांनी कुणाला जाणवू दिलं नाही, एवढंच.

नाताळाला टेबल भरलं. बिलाबाईंनी सुरी लावली. काप गडद लाल निघाला, आणि त्याचा वास असा की धाकट्या सुनेनं डोळेच मिटले. त्रोंद नेमका "सहज" आला होता. त्यानं ताटली पुढे केली. मग पुन्हा एकदा पुढे केली.

"यंदा जरा जास्तच चांगलं लागलंय, बिला," तो पुटपुटला.

"लागणारच!" हेइनी छाती फुगवून म्हणाला. "वारा गॅरेजातून आला की जोर धरतो. अख्ख्या बेटावर असं गॅरेज कुणाचं नाही. चला, दाखवतो."

गॅरेजाबाहेर बर्फाळ पावसात भिजणाऱ्या गाडीला वळसा घालून सगळा गोतावळा भोकं बघायला निघाला. ही कल्पना आपल्याला कशी सुचली, ते हेइनी मोठ्यानं सांगत होता. बिलाबाईंनी ते ऐकलं, आणि सांगू दिलं. सुरी मात्र हातातून सोडली नाही.