चार हात गडगा

मी निघालो त्या दिवशी बा आणि मी आमच्या नारळीच्या आगराच्या समुद्राकडच्या अंगाला गडगा घालत होतो. चुना नाही, सिमेंट नाही. धोंड्यावर धोंडा, आणि फटीत दगडाच्या चिपा मारायच्या. चार हात राहिला होता, तेवढ्यात माणूस सांगत आला, व्हिसा आला, उद्याची मुंबईची गाडी पकड. मी हात झटकले. बाने मान वर केली नाही. म्हणाला, “जा. पण एवढा तूच घालायचास. मी हात नाय लावणार.”

गफूर, तू चुलतभाऊ, आगर राखतोस, म्हणून तुला लिहितो. गावच्यांनी वाचलं, इकडे आखातात आलेल्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

बाने खरंच हात लावला नाही. त्या खिंडीत दर वर्षी जुने काटे काढून नवे रचायचा. मी सुटीवर यायचो, काटे बघायचो आणि तोंड फिरवायचो. वाटायचं, एकदा विचारू दे, मग घालतो. त्याने विचारलं नाही, मी घातला नाही. मग बा गेला. काटे तू रचायला लागलास.

इकडे रास अल खैमात मी हॉटेलांच्या भिंती केल्या. आत सिमेंट, वरून पातळ दगड चिकटवायचा, की जुना किल्ला वाटावा. फोरमन घाईला यल्ला यल्ला करायचा. मी तिसरी शिकलेला, पण माझी लाईन कधी वाकडी गेली नाही. लेव्हल लावून बघणारे इंजिनियर गप परत जायचे.

आता शारजात पोराकडे, इक्बालकडे असतो. यंदा त्याच्या कंपनीने त्याला हवाई बेटांची टूर बक्षीस दिली. मलाही नेलं. “अब्बा, समुद्र आहे, रिसॉर्ट आहे, आराम करा.” बॅगेत मात्र कागद होते. आपलं आगर एका रिसॉर्टवाल्याला हवंय, सही माझी लागते. “टूर संपेपर्यंत सांगा,” म्हणाला.

तो किनारा बघून जीव गप्प बसेना. डोंगरातून आग वाहत आली आणि समुद्रात जाऊन गोठली. मैलोगणती काळं, डांबर ओतल्यासारखं. मधेच हिरवंगार लॉन, नारळ आणि रिसॉर्ट. मी भिंतीवर बोटाने ठकठक केलं. चिकटवलेला दगड. सूनबाई हसली, “अब्बा, इथे पण ड्यूटी?”

तिसऱ्या दिवशी बसने तिथल्या मूळ लोकांच्या जुन्या पवित्र जागी नेलं. गाईड सांगत होता, पूर्वी कायदा मोडलेला माणूस पळत, पोहत इथे पोचला की त्याला माफी मिळायची. मी ऐकलं अर्धंच. माझ्यासमोर भिंत होती. दोन पुरुष उंच, काळ्या धोंड्यांची, आणि सिमेंटचा थेंब नाही. गफूर, गडगाच तो! खाली एक चीप निसटून पडली होती. माझा हात आपोआप गेला. उचलली, फिरवली, बसवली.

“दादा! यू कान्ट टच दॅट!” नात ओरडली.

तिथली राखणदार बाई धावत आली. माझ्याच वयाची, त्याच मुलखातली. इक्बाल तिला म्हणाला, “सॉरी, सॉरी. ही इज ओल्ड.” तेवढं इंग्रजी मला कळतं.

“म्हातारा म्हणून नाही लावला हात. गवंडी म्हणून लावला. सांग तिला.”

त्याने सांगितलं. बाईने वाकून चीप बघितली. मग जे बोलली ते इक्बालने तोंड पाडून मला सांगितलं. “म्हणते, बरोबर बसवलीय. पण काढून ठेवा. ज्यांची भिंत आहे ते येऊन बसवतील, तशी त्यांची रीत आहे. आणि विचारते, तुमची भिंत कुठे आहे?”

मी चीप काढली आणि होती तिथे मातीत ठेवली. नीट केलेलं काम कुणाच्या सांगण्यावरून मोडलं, ते आयुष्यात पहिल्यांदा.

बसमध्ये इक्बालने विचारलं, “मग सहीचं?”

“नाही.”

“अब्बा, तिकडे आता कोण बघणार आहे?”

“मी.”

“बट दादा, युवर होम इज शारजा,” नात म्हणाली. पोरगी जन्मली शारजात, तिचं खरंच आहे. मी खिडकीतून ते काळं रान बघत बसलो.

परत येऊन गावचं तिकीट काढलंय. इक्बालने स्वतःच माझी बॅग कपाटावरून उतरवून दिली. सहा महिन्यांत परतलो नाही तर व्हिसा खलास. परतेन की नाही, मला विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही. तिथे आलो की इथली हुरहूर लागते, इथे असलो की तिथली. पण दुनियेत चार हात जागा अशी आहे, जिथे धोंडा उचलताना मला कुणी अडवणार नाही. घर म्हणून आता तेवढंच उरलंय.

बाने शेजारी रचून ठेवलेले धोंडे हलवू नकोस. मजूर सांगू नकोस. पूर्वी एका दिवसाचं काम, आता आठवडा लागेल, लागू दे. आणि यंदा काटे काढायला जाऊ नकोस. ते मी काढीन.