कोटावरचा चेहरा

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. बोरी अरबच्या एका घरात हार घातलेलं जे रंगीत चित्र आहे, त्यातला चेहरा त्या घरच्या गेलेल्या माणसाचा नाही. माझा आहे.

तेव्हा मी दारव्ह्याला कॉलेजात होतो आणि दुपारी एका पेंटरकडे चित्रं शिकायला जायचो. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. पोटापाण्याला दुकानांच्या पाट्या. पण त्यांचं नाव होतं गेलेल्या माणसांच्या चित्रांसाठी. लोक लहानसा फोटो आणून द्यायचे, तेरवीच्या आत उस्ताद तो मोठा करून रंगवायचे. माणूस जन्मभर अंगात नुसती बंडी घालून राहिलेला असो, चित्रात त्याला कोट चढवायचा ही रीत. दोन वर्षं मी नुसते कोटच रंगवले.

"चेहऱ्याले हात नको लावू," उस्ताद म्हणायचे. "तुले अजून पाहताच येत नाही. गुपचूप कोट शिव, टेलर!"

एकदा बोरी अरबचा एक शेतकरी धाकट्या भावाचा फोटो घेऊन आला. भाऊ तापानं गेला होता. घरात त्याचा तेवढाच एक फोटो. नेमकं उस्तादांना पाट्यांच्या कामाला वणीला जावं लागलं. "तेरवीच्या सकाळी येतो. कोट करून ठेव," म्हणाले.

मला वाटलं, चेहराही करून दाखवू. उस्ताद फोटोवर चौकटी आखलेली काच ठेवून चेहरा मोठा करत. ती काच सापडेना. मी पेन्सिलीनं सरळ फोटोवरच चौकटी आखल्या. मग त्या रबरानं जाईनात, म्हणून ओलं फडकं घासलं. रेघांबरोबर चेहराही फडक्यावर आला. एक कान उरला, आणि सदऱ्याची कॉलर.

 बोरी अरबला जाऊन खरं सांगायला एका बसचा रस्ता. गेलो नाही. दाढीचा आरसा समोर टांगला आणि त्यात पाहून नाक काढलं, डोळे काढले, ओठ काढले. मिशी तेवढी त्याची, आठवेल तशी. डोळ्याखाली सावली कुठे संपते, खालचा ओठ उजेड कसा धरतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भ्यायलेला माणूस फार नीट पाहतो. चित्रकला मी त्या तीन दिवसांत शिकलो, हे लिहिताना लाज वाटते.

उस्ताद आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मी उजेडाकडे पाठ करून होतो.

"फोटो कुठी आहे?"

"ते लोकं घेऊन गेले," मी म्हणालो.

"नाक तं जित्तं वाटून राह्यलं. जमलं रे राजा तुले."

त्यांनी ओळखलं की नाही, मला आजही कळलेलं नाही.

चित्र पोचवायला मलाच धाडलं. मोठ्या भावानं फोटो मागितला. "उस्तादजवळ आहे, मंग आणून देतो," म्हणालो. गेलेल्याची बायको चित्राकडे पाहत राहिली. "हे असे नोहते दिसत," ती हळूच बोलली.

"रंगात मानूस येगळाच दिसते वो माय," सासूनं समजावलं.

सुनेच्या कडेवर दीडेक वर्षाची पोर होती. कोणीतरी तिला चित्राजवळ धरलं, "पाह्य, तुहे बाबा!" तिनं बोटानं माझा गाल चाचपला. मी न जेवता निघालो.

फोटो द्यायला मी बोरी अरबला पुन्हा गेलोच नाही. तेव्हापासून मिशी ठेवली नाही. पुढे शाळेत चित्रकला शिकवली. फुलं, मडकी, डोंगर. माणसाचा चेहरा पुन्हा काढला नाही. मध्ये यवतमाळच्या स्टँडवर एक तरुण बाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. वाटलं, तीच पोर, चेहरा ओळखला. जवळ येऊन म्हणाली, "काका, मारेगावची गाडी गेली काय?" 

उस्ताद वारले. ती पोर आता तिशीकडे आली असेल. तिच्यासमोर बसून, भिंतीवरचा माणूस तुझा बाप नाही, तो मी आहे, आणि तुझ्या बापाचा एकुलता एक फोटो मी पुसला, एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.