शिंपल्याचा चुना

हेदवीपलीकडच्या खाडीकाठी भागोजीची भट्टी अजून धुमसते. माणसाला लोखंड ठाऊक नव्हतं तेव्हाही तो चुना भाजत होता, असं भागोजीला एका मास्तरांनी सांगितलं होतं. भागोजीला त्याचं नवल वाटलं नाही. आगीत मेलेलं शिंपलं पाण्यात पडलं की पुन्हा जिवंत होतं आणि पहिल्यांदा समोरच्याला चावतं, एवढं त्याला पुरेसं होतं.

ते कसं चावतं, हे त्याने स्वतःच्या भावावर पाहिलं होतं. बारा वर्षांपूर्वी सदू पहार घेऊन भट्टी फोडायला निघाला. इथे सिमेंटचं दुकान टाकायचं त्याच्या मनात होतं. पहिल्या घावाला भिंत तडकली आणि भागोजीने मूठभर कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना त्याच्या तोंडावर फेकला. सदू किंचाळत हौदाकडे धावला, तेव्हा भागोजीनेच त्याला कंबरेला धरून मागे ओढलं.

"पाणी नको! पाण्याने उकळंल!"

चुनेवाल्याचं ज्ञान ते. त्याने सदूला खाली पाडलं, छातीवर बसला आणि डोळ्यांत खोबरेल ओतलं. चिपळूणचे डॉक्टर म्हणाले, "पाण्याच्या घागरीवर घागरी ओतल्या असत्या, तर डोळे वाचले असते."

हे सदूने ऐकलं. तेव्हापासून तो रोज चुना विझवायच्या खड्ड्यापाशी येऊन बसतो आणि चुना कसा विझतोय ते नुसत्या आवाजावरून सांगतो. भागोजी त्याच्याकडे कधी पाठ करत नाही. आज ना उद्या हा सूड उगवणार, हे त्याने धरूनच ठेवलं आहे.

परवा एका जुन्या विहिरीच्या कामाचा चुना विझत होता.

"दादा, पाणी कमी हाय. आवाज कोरडा येतोय."

"आंधळ्याने शिकवू नये!" भागोजी वाकला आणि रागारागाने अख्खी बादली एकदम उपडी केली.

खड्डा फुटला. उकळती लापशी त्याच्या डोळ्यांत गेली. तो ओरडत खोबरेलाची वाटी चाचपू लागला. वाटी लाथेने उडाल्याचा आवाज आला. मग मानेवर सदूची पकड बसली.

"सदू, सोड! मारतोस काय मला?"

"गप, मेल्या!"

सदूने त्याला खडीवरून फरफटत हौदापाशी नेलं आणि डोकं पाण्यात कोंबलं. आलं, बारा वर्षांचं आलं, भागोजीला वाटलं. त्याने लाथा झाडल्या, हाताला लागलेल्या मनगटात दात रुतवले. रक्ताची चव तोंडात आली. सदूने त्याला वर काढून जबड्यावर ठोसा दिला आणि परत बुडवलं.

"डोळे उघड! उघड म्हणतो ना!"

पापण्यांत बोटं घुसली, फाडाव्यात तशा त्यांनी त्या उघडल्या. पाणी आत शिरलं. वर, श्वास, पुन्हा खाली. किती वेळा, ते भागोजीला मोजता आलं नाही.

शेवटी पकड सुटली. तो हौदाच्या काठावर ओकला.

"दिसतं काय?" सदूने धापा टाकत विचारलं.

लालभडक धुक्यातून आधी दोन पांढरी बुबुळं दिसली. मग ते मनगट: दातांनी फाटलेलं, आणि फाटलेल्या मांसात चुना.

"दिसतं," भागोजी म्हणाला.

त्याने सदूचा हात धरून कोपरापर्यंत हौदात दाबला. सदू विव्हळला, हिसके देऊ लागला, शिव्या घालू लागला. पाणी तांबडं झालं, मग निवळलं, तरी भागोजीने हात वर येऊ दिला नाही.