वाळवी न लागलेली वही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट ठाऊक नाही.

दख्खनमधून मक्केला गेलेल्या यात्रेकरूंचा इतिहास हा माझा विषय. नगरच्या कॉलेजात शिकवता शिकवता मी त्यातच उभी हयात घालवली. आमच्या धंद्यात संशय हा गुण मानतात. कागदावर घ्यायचा, शाईवर घ्यायचा. मी माणसांवरही घेत गेलो.

भिंगारचे दस्तगीरभाई शिंपी एक दिवस फडक्यात बांधलेली वही घेऊन आले. त्यांचे आजोबा बोटीने हजला गेले होते, तेव्हाची. आजोबा कारकून, त्यामुळे सगळं मराठीत, पण मोडी लिपीत. घरात कुणाला वाचता येईना. मला येत होतं. वही त्यांनी माझ्याकडे ठेवली आणि निघाले. इतका विश्वास कुणी टाकतं का? मला तर त्याचाही संशय आला.

मग पुण्याचा कुणी संशोधक भिंगारमध्ये फिरून गेल्याचं कळलं. दस्तगीरभाई आता वही परत मागणार आणि त्याला देणार, असं मी धरूनच चाललो. विचारलं? छे. पुढच्या भेटीत सांगून मोकळा झालो — वहीला वाळवी लागली, काही उरलं नाही. ते म्हणाले, "जाऊ द्या सर. तुमी तरी वाचली."

वही माझ्या लोखंडी कपाटात होती. अजून आहे. आणि तिच्यावर लिहायचा होता तो लेख? तोही लिहिता आला नाही. वाळवीने खाल्लेल्या वहीचा दाखला कसा देणार?

दोन वर्षांनी ते पुन्हा आले. हजला निघाले होते. जाण्याआधी ओळखीच्या प्रत्येकाची माफी मागायची, ही जुनी रीत; मी तिच्यावर व्याख्यानं दिली आहेत. तरी वाटलं — यांना कळलंय. चोराच्या मनात चांदणं. त्यांची नजर कपाटाकडे जाते का, तेवढंच मी बघत होतो. ती गेली नाही.

त्यांनी माझा हात हातात घेतला. "सर, काय चुकलं आसन तर माफ करा." मग म्हणाले, "आजोबांनी जाताना कोनाकोनाची माफी मागितली, ते हुतं का वहीत? त्यांच्या नातवंडांकडं बी जाऊन आलो आसतो."

"नव्हतं," मी म्हणालो.

होतं. चौथ्या पानावर, अकरा नावं. मला ती पाठ आहेत.

आणि ते अजून माझा हात धरून उभे होते, म्हणून मी म्हणालो — माफ केलं.