करवतीचं दुसरं टोक

माळव्यातल्या धार गावात लाकडी तिरकामठा हवा असला की लोक मानाजींचं घर दाखवतात. त्या घरात कामठे दोघं मिळून करतात, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यांची बायको सुभद्रासुद्धा नाही. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "मी काय करते? दुसरं टोक धरते."

हे टोक दोन मुठींच्या करवतीचं. धामणाचा ओंडका लाकडी घोडीवर चढवायचा, एका बाजूला मानाजी, दुसऱ्या बाजूला ती. नवी नवरी होती तेव्हा जीव खाऊन करवत ढकलायची आणि पातं वाकायचं. मानाजी कपाळाला हात लावायचे. "अगं बाई, हिला ढकलायचं नसतं! तुझी पाळी आली की ओढ. नसली की हात सैल सोड."

"आणि कुणाची पाळी आहे ते कसं कळायचं?"

"करवत सांगेल की."

करवत सांगायची. मानाजींचा राग असो, ताप असो, त्यांचे कामठे घेऊन डहीच्या शाळेच्या मुलींनी तिरंदाजीत पदक आणल्याचा आनंद असो, तिला पलीकडच्या मुठीत कळायचं. म्हणूनच मागच्या श्रावणात, करवत तिच्याकडे येता येता बारीक थरथरली तेव्हा तिने चमकून त्यांच्या हातांकडे पाहिलं. मानाजींना कळायच्या आधी ते तिला कळलं होतं.

"काय गं, ही अशी का चालतेय?" मानाजींनी विचारलं.

"धार गेली असेल," ती चटकन म्हणाली.

मानाजींनी धार लावली. थरथर गेली नाही. मग सुभद्रा आपलं टोक घट्ट धरू लागली, त्यांची थरथर आपल्या मनगटात जिरवू लागली. चहाचा कप अर्धाच भरू लागली. शर्टाची बटणं लावताना "थांबा, धागा निघालाय" म्हणून स्वतः लावू लागली. डॉक्टरांचं नाव काढलं की मानाजी म्हणत, "करवतीला कसला डॉक्टर दाखवतेस?" आणि एक दिवस तीच बोलून गेली, "करवतच म्हातारी झालीय हो."

मानाजींचा चेहरा उजळला. "खरंय तुझं. सेकंडहँड बँडसॉच घेऊ, विजेवरची करवत. पट्टी आपली आपण फिरते, हाताचा जोर लागतच नाही. डहीच्या सरांना यंदाही कामठे देऊ. काय?"

खरं सांगायची वेळ तीच होती. पण तो उजळलेला चेहरा तिने किती दिवसांनी पाहिला होता! "घेऊ," ती म्हणाली. तिला वाटलं, कोण जाणे, मशीनवर जमेलही.

अशी ही दोघं देवासला आली. पिशवीत धामणाची एक फळी, हळदकुंकवाची पुडी आणि नारळ. मानाजींच्या घरची रीत अशी, की नवं हत्यार पारखून घेतलं की तिथेच त्याला नारळ फोडायचा, आणि जो ते चालवणार त्यानेच फोडायचा. घरात आजवर सगळे नारळ मानाजींनीच फोडले होते.

जुन्या मशिनींचं दुकान हमरस्त्याला लागून होतं. दुकानदार अर्पित, चटपटीत पोरगा. शेडमध्ये दोन बँडसॉ उभे होते. एक हिरवागार, चकचकीत. दुसरा एका बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातून आलेला, रंग उडालेला.

"काकाजी, ये लो," अर्पितने हिरव्याच्या पाठीवर थाप मारली. "एकदम नई दुल्हन!"

मानाजींनी मशीनचं दार उघडलं, वरचं चाक हाताने फिरवलं, वाकून पाहिलं. चाकावरच्या रबराला चिरा पडल्या होत्या. "भिया, दुल्हन कसली? आजीबाईला लाली लावून बसवलीय तू."

अर्पित खो खो हसला. "आंटीजी, काकाजी तो बड़े उस्ताद निकले!"

सुभद्राही हसली. मानाजी आता रंगात आले होते. रंग उडालेल्या मशीनचं चाक फिरवलं, कान लावून ऐकलं. पट्टी दोन्ही बाजूंनी पाहिली. टेबलावर तळवा फिरवला. "बघ सुभद्रे, सपाट आहे. हिला कुणीतरी नीट वापरलंय." त्या आवाजात जुने मानाजी होते. तिने मनातल्या मनात देवीला हात जोडले.

"आता शेवटची परीक्षा," मानाजी म्हणाले. "चांगल्या मशीनवर नाणं कडेवर उभं राहतं. मशीन हललं की नाणं पडतं."

त्यांनी खिशातून पाचाचं जाडं नाणं काढलं. टेबलावर कडेवर धरलं. सोडलं. पडलं. पुन्हा धरलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत टेबलाखाली गेलं. सुभद्राने वाकून उचलून दिलं. बोटं एकमेकांना लागली, तेव्हा त्यांची बोटं गार होती.

नाणं परत पडलं. मानाजी ताठ झाले. "नको. हलतंय हे. दिसायला बरं आहे, पण थरथरतंय बघ कसं."

अर्पित गोंधळला. "काकाजी... पर मैंने तो अभी चालू ही नहीं की. स्विच बंद है."

बाहेरून एक ट्रक गेला.

"ट्रक जाताहेत ना," सुभद्रा घाईने म्हणाली. "जमीनच हलते हो इथली. मलासुद्धा पायांना लागतंय..."

मानाजी तिच्याकडे बघत राहिले. मग नाणं तिच्या पुढ्यात ठेवलं. "तू उभं कर."

"मला कुठं येतंय..."

"कर."

तिने केलं. उभं राहिलं. मानाजींनी अर्पितला खूण केली, मशीन गुरगुरत सुरू झालं, पट्टी धावू लागली. नाणं तसंच उभं. सुभद्राला वाटलं, पडावं मेलं. एकदा तरी पडावं. ते पडलं नाही.

"मशीन चांगलं आहे," मानाजी म्हणाले.

त्यांनी नाणं उचलून फळी टेबलावर ठेवली. तिच्यावर कामठ्याची रेघ आखलेली होती, घरी आखलेली, जराशी नागमोडी. मानाजी सवयीने पट्टीच्या अलीकडे उभे राहिले. क्षणभर तसेच थांबले. मग मशीनला वळसा घालून पलीकडे गेले, तिच्या जागेवर.

"ये. तू ढकल. मी पलीकडून घेतो."

"अहो, काहीतरीच काय! मी कधी कापलंय?"

"इतकी वर्षं समोर उभी राहून बघत नव्हतीस?"

"मी तुमच्याकडे बघत होते. लाकडाकडे नाही."

मानाजींच्या ओठांवर हसू आलं आणि मावळलं. "मग आता लाकडाकडे बघ. माझी रेघ नको बघू, ती वाकडी आहे. लाकडाची उभी शीर बघ. शीर तुटली की कामठा ताणताच मोडतो. बोटं पट्टीपासून लांब. आणि इथं ओढायचं नाही, ढकलायचं. हळू."

तिने ढकललं. भुसा उडाला, धामणाचा ओळखीचा वास आला. फळीचं टोक पलीकडे निघालं, मानाजींनी ते धरलं, आणि फळीतून ती थरथर तिच्या तळव्यांत आली. टेबलावर लाकूड टक टक टक वाजू लागलं. शिरेवरून पट्टी ढळायला लागली.

सुभद्राने मान वर केली नाही. तिने आपले हात घट्ट केले, श्रावणापासून करत होती तसे. तेवढ्यात टकटक थांबली. मानाजींनी हात सैल सोडला होता.

फळी एकट्या तिच्या हातांनी पुढे सरकत राहिली आणि शेवटी दोन तुकडे होऊन पडली. अर्पितने मशीन बंद केलं. मानाजींनी कापलेली कड डोळ्यांसमोर धरली. ती हलत होती, म्हणून मशीनवर टेकवून पाहिली.

"सुरुवातीला जरा शीर सोडलीय. पुढे सरळ आहे."

"मी खोटं बोलले तुमच्याशी," ती म्हणाली. "धार गेली नव्हती करवतीची."

"माहितीय. तू म्हणालीस त्याच दिवशी दातांवरून बोट फिरवलं होतं मी. धार होती."

"मग बोलला नाहीत?"

"तू म्हणालीस करवत म्हातारी झाली. मला वाटलं, असेल बाई. झाली असेल करवतच." त्यांनी टेबलावरचा भुसा तळव्याने पुसला. "मशीन तरी बघू, म्हटलं."

पदर तोंडाला लावून ती हिरव्या मशीनकडे तोंड करून उभी राहिली. अर्पित हळूच बाहेर जाऊन चहावाल्याला हाक मारू लागला.

मानाजींनी पिशवीतून पुडी काढली. मशीनला हळदकुंकू लावलं, बोट एका जागी ठरेना म्हणून ते टेबलभर पसरलं. मग नारळ काढून तिच्यापुढे धरला. नारळातलं पाणी आत खुळखुळत होतं, न हलवता.

"घे."

"तुम्ही फोडा ना हो. घरचे सगळे तुम्हीच फोडलेत."

"मी चालवणार नाही ना आता."

ती नारळाला हात लावेना. घेतला की खरं होणार होतं. मानाजींनी तिचा हात धरून त्यात नारळ ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. दोघांच्या हातात तो खुळखुळत राहिला.

"सुभद्रे," ते म्हणाले, "पाळी तुझी आहे."

पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. मानाजी मदतीला पुढे झाले, आणि थांबले, आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.