हाक मारायचं नाव

शेजारी बसून नुसतं बघणारी माणसं सुहासिनीबाईंना खपत नसत. शर्वरीने फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वतः वही मांडीवर घेऊन गप्प बसून राहिली. दोन मिनिटं त्यांनी कळ काढली. मग म्हणाल्या, "मुलगी बघायला आल्यासारखी काय बसलीयेस? कुठे दाबायचं ते सांग की."

"नाही ना काकू. मी बोलून दिलं तर आम्हाला समजणार कसं, माणूस कुठे अडकतो ते?"

शर्वरी इथे कलकत्त्यातच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी असं जरा बंगालीच्या अंगाने जाणारं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झांजा वाजवणारी ही पोर आता सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत होती. कंपनीचं बचतीचं एक ॲप होतं. वयस्क माणसं त्यात नाव नोंदवायला बसायची आणि मध्येच सोडून द्यायची. बंगळुरूच्या साहेबांचं म्हणणं, म्हाताऱ्यांना स्वतःचा फोटो काढता येत नाही. शर्वरीला ते पटत नव्हतं, म्हणून ती बागबाजारात घरोघर जाऊन बघत होती. मदत करायची नाही, फक्त बघायचं, असा त्या कामाचा नियम. सुहासिनीबाईंना तो शुद्ध आचरटपणा वाटला, पण त्यांचीही गरज होती.

यजमान विनायकराव जाऊन दोन वर्षं झाली होती. खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये त्यांची नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही ते इथेच राहिले. कोपऱ्यावरची बँकेची शाखा आता लांब गेली होती. पुण्याहून सारंग दर रविवारी तेच ऐकवायचा. फोनवरून सगळे व्यवहार स्वतःचे स्वतः जमत असतील तर राहा, नाहीतर दिवाळीला न्यायला येतो. मुलगा गुणी, पण एकदा ठरवलं की ऐकणारा नव्हे. तेव्हा हे आज जमायलाच हवं होतं.

ॲपमध्ये मराठी नव्हतीच. त्यांनी बंगाली निवडली. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून ती केव्हाच अंगवळणी पडली होती. आपला नंबर टाकला. अडीअडचणीसाठी दुसरा नंबर मागितला, तिथे सारंगचा दिला. मग पडद्यावर एक हसरा चेहरा आला आणि त्याने विचारलं, तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?

सुहासिनीबाई थांबल्या. शर्वरीने पेन उचललं. मग त्यांनी अक्षर अक्षर शोधत नाव टाकलं. पुढे आधार कार्डाचा फोटो, स्वतःचा फोटो, डोळे मिटा, उघडा, सगळं एका दमात. क्षणभर चाक फिरलं आणि ॲपने सांगितलं की खातं उघडता येत नाही.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

तेवढ्यात सारंगचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. "आई, कशालाही हात लावू नकोस. कोणीतरी यामिनी नावाची बाई तुझ्या नंबरवरून खातं उघडतेय. मला दोनदा मेसेज आलाय. हे असंच होतं, म्हणून तर मी सांगत होतो—"

"यामिनी मीच," सुहासिनीबाई म्हणाल्या.

इकडे शर्वरीचं पेन थांबलं.

"तुझ्या बाबांनी बोहल्यावर तांदळाच्या ताटात सुहासिनी लिहिलं, ते तुझ्या आजीने सांगितलं म्हणून. त्याआधी मी बावीस वर्षं यामिनी होते. आता ठेव, मी कामात आहे."

फोन ठेवला, पण काम काही सुचेना. सांगलीला सासरी यामिनी लग्नाच्या दिवशीच पुसली गेली होती. मग बदली कलकत्त्याला झाली आणि पहिल्याच हिवाळ्यात, पहाटे बागबाजार घाटावर फिरताना, विनायकराव मागून म्हणाले होते, "यामिनी, जरा हळू चाल." आसपास मराठी कळणारं कुणी नाही, सासूबाई हजार मैलांवर. त्यानंतर घरात 'अगं', चारचौघांत 'ही', मंडळात सुहासिनीताई, शेजाऱ्यांची बौदी, म्हणजे वहिनी, आणि घाटावर यामिनी. दोघं घाटावर जायचे तेव्हा पोराला आया सांभाळायची. त्याला कुठून ठाऊक असणार. पुण्याला घाट नव्हता. तिथे त्या फक्त सारंगची आई होणार होत्या.

शर्वरी मात्र उठून येरझाऱ्या घालायला लागली होती. तळमजल्यावरच्या बुलूदींनी काल बुलू लिहिलं होतं. समोरच्या मिठाईवाल्याने खोकोन. इथे प्रत्येकाला घरात हाक मारायचं एक नाव आणि कागदावर दुसरं. ॲपने लाडाने विचारलं, माणसांनी खरं उत्तर दिलं, आणि आधारवरच्या नावाशी जुळलं नाही म्हणून ॲपने त्यांना परत पाठवलं. बंगळुरूला हे सुचणार नव्हतं. पण कलकत्त्यात वाढलेल्या तिलाही सुचलं नाही, याची तिला लाज वाटत होती, आणि तसं ती म्हणालीही.

"लाजतेस काय, बदल," सुहासिनीबाई म्हणाल्या.

महिन्याभराने ती बदललेलं ॲप घेऊन आली. आता आधी कार्डावरचं नाव विचारत होतं, कार्ड पुढे धरा आणि तसंच लिहा, असं सांगत. सुहासिनी विनायक बर्वे. चाक फिरलं आणि खातं उघडलं. त्यानंतर, अगदी शेवटी, तो हसरा चेहरा आला. तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू? वाटलं तर सांगा.

सुहासिनीबाईंनी ती जागा रिकामी सोडली आणि पुढे गेल्या.

शर्वरीला राहवलं नाही. नियम मोडून तिने विचारलं, "काकू, का?"

"हे काय मला हाक मारणार? याला धड मराठीही येत नाही."

रविवारी सारंगचा फोन आला. खातं उघडल्याचा मेसेज त्याला पोचला होता. त्याने अभिनंदन केलं, थोडा रेंगाळला, मग म्हणाला, "आई, दिवाळीला न्यायला नाही, राहायला येतो. तू आणि बाबा फिरायला कुठे जायचात, ते बघायचंय मला."

"ये," त्या म्हणाल्या. "सकाळी लवकर उठावं लागेल पण."